खाडीतला हिरवा चुडा

ती घटना मी आजही विसरलेलो नाही, आणि ती विसरण्याचा हक्क मला आहे असेही मला वाटत नाही. माझ्या हातून उघडकीस आलेल्या गुन्ह्यांबद्दल लोक हौसेने विचारतात आणि मीही रंगवून सांगतो. ही हकिकत मात्र मी घरातसुद्धा कधी सांगितली नाही. नावे कोणाचीच देत नाही. माझे स्वतःचे देण्यास हरकत नव्हती, पण मग गाव कळेल, आणि त्या गावात त्यांची माणसे अजून राहतात.

मी तेव्हा ठाण्याजवळ खाडीकाठच्या एका चौकीवर फौजदार होतो. हाताखाली एक जमादार आणि मोजके शिपाई. सकाळची हजेरी, मग रोजनामा, मग कोणीतरी रडत किंवा भांडत येणार, हा आमचा रतीब. मिठागरावरच्या मारामाऱ्या, ताडीच्या चोऱ्या आणि बांधावरून होणाऱ्या शिव्यागाळी यापलीकडे फारसे काही घडत नसे. म्हणून कळव्याच्या बाजूने पोलीस पाटील धापा टाकीत आला आणि खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत बाईचे प्रेत अडकल्याची वर्दी त्याने दिली, तेव्हा खरे सांगायचे तर मला वाईट वाटले नाही. हाताला काम मिळाले असे वाटले.

ओहोटी लागली होती. गुडघाभर चिखलातून आम्ही तिथे गेलो. प्रेत चार-पाच दिवसांचे असावे. चेहरा खेकड्यांनी ठेवला नव्हता, लुगडे पाण्याने नेले होते. डोक्याला मागून जबर मार होता, म्हणजे बाई आपणहून बुडालेली नव्हती. डाव्या हातात सात बांगड्या शाबूत होत्या. हिरवी काच आणि तिच्यावर सोनेरी नागमोडी रेघ. पंचांसमक्ष त्या मी उतरवून घेतल्या, फडक्यात बांधून लाखेचा शिक्का मारला, आणि अर्धा तपास झाला असे मनाशी म्हटले.

असे म्हणायला कारण होते. त्या काळी बाईच्या अंगावरचा दागिना तिचे गाव सांगत असे. कोणत्या गावच्या बाया कोणत्या हातात किती बांगड्या भरतात, कोणता रंग घेतात, जोडवे कसले घालतात, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षांत पाठ केले होते. बांगडी भट्टीवरून कासाराकडे आणि कासाराकडून मनगटावर येई. प्रत्येक भट्टीची काच निराळी, आणि कासार तर गिऱ्हाइकाचे तोंड विसरेल पण मनगट विसरणार नाही. या वाटेने मी पूर्वी दोन खून उघडकीस आणले होते. साहेबांनी शेरेपुस्तकात चांगले दोन शब्द लिहिले होते, आणि ते मला तोंडपाठ होते.

दुसऱ्या दिवशी मिठागराचा मुकादम आपणहून चौकीवर आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी करून झाल्यावर त्याने आवाज खाली आणला. त्याच्याकडच्या एका आगरी मजुराची बायको आठवडाभर कोणाला दिसली नव्हती. नवराबायकोचे पटत नव्हते, आणि मजूर विचारणाऱ्याला सांगत होता की ती ठाकुर्लीला बहिणीकडे गेली आहे. मी लगेच शिपाई ठाकुर्लीला पाठवला. बहीण म्हणाली, ती इकडे आलेलीच नाही.

नवरा खोटे बोलला होता, एवढे मला पुरे झाले. त्याला आणून कोठडीत बसवला. तिशीच्या आतला, मिठाने पाय फुटलेला, खाली मान घालून बोलणारा माणूस. त्याचे म्हणणे असे की बायको भांडून निघून गेली, कुठे गेली ते त्याला ठाऊक नाही, आणि बायको पळाली हे चारचौघांत सांगायला तोंड नव्हते म्हणून त्याने बहिणीचे नाव पुढे केले. ते मी जबानीत उतरवून घेतले, आणि त्यावर माझा काडीचाही विश्वास बसला नाही.

मग मी त्या गावांतून फिरणाऱ्या कासाराला बोलावले. म्हातारा, सचोटीचा माणूस. लाखेचा शिक्का फोडून बांगड्या त्याच्यापुढे ठेवल्या. त्याने त्या उजेडात धरल्या आणि एकेक करून परत फडक्यावर ठेवल्या. हा चुडा त्यानेच त्या मजुराच्या बायकोला भरला होता. ही जात त्याने पहिल्यांदाच आणली होती आणि त्यातला एकच चुडा गेला होता. मी त्याला बजावून विचारले की दुसऱ्या कोणाला तर भरला नाही ना.

"नाही, रावसाहेब," तो म्हणाला. "ही रेघ मी दुसऱ्या कोणाच्या हातात घातलेली नाही. माझ्या मुलांची शपथ."

तो खरे बोलत होता, शब्दन् शब्द खरे. माल कुठून आणला हे मी त्याला विचारले नाही. विचारायची गरजच वाटली नाही, कारण बांगडी भट्टीवरून येते हे मला माहीत होते.

नवऱ्यापुढे बांगड्या ठेवल्या तेव्हा त्याने त्या ओळखल्या आणि ढसढसा रडू लागला. बायको मेली यावर त्याचाही विश्वास बसला, पण मी मारली नाही हे त्याने सोडले नाही. दोन दिवस गेले. मी त्याच्या अंगाला बोटही लावले नाही, आणि याचा मला अभिमान होता. दुसऱ्या ठाण्यांवर काय चालते ते मला ठाऊक होते. माझी रीत निराळी होती. मी त्याच्या आईला बोलावून ओट्यावर बसवले. विधवा बाई, हा एकुलता एक मुलगा. घरात खून झाला आणि सासूला पत्ता नाही हे कोण मानील, असे मी त्याला शांतपणे समजावले. कोठडीच्या गजांतून ओटा दिसत असे. दिवसभर म्हातारी उन्हात बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही मी तिला तशीच बसवली.

त्या दुपारी त्याने मला हाक मारली.

"आयेला घरा जाऊन द्या," तो म्हणाला. "मीच मारली म्हनून लिवा."

मी त्यातले दुसरे वाक्य लिहिले, आणि तेही अर्धेच. पहिले वाक्य कोणत्याही कागदावर नाही. ते फक्त माझ्यापाशी राहिले आहे. मॅजिस्ट्रेटपुढे कबुलीजबाब देताना पोलिसांना बाहेर काढतात. तसे मलाही काढले, आणि तो बोलला तसेच पुन्हा बोलला, कारण त्याची आई अजून चौकीच्या ओट्यावर होती आणि ते त्याला ठाऊक होते. संध्याकाळी मी तिला सोडले. प्रेत पंचनाम्यानंतर फार ठेवण्यासारखे नव्हतेच. ते मजुराच्या घरच्या लोकांच्या ताब्यात दिलेले होते आणि म्हातारीने सुनेचे सगळे यथासांग केले होते.

सेशन कोर्टात त्याने जबाब फिरवला. आईसाठी बोललो, असे तो म्हणाला. असे सगळेच म्हणतात, हे सरकारी वकिलांनी कोर्टाला सांगितले, आणि मीही मान डोलावली. कासाराची साक्ष कोणाला हलवता आली नाही. मजुराला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याला नेताना म्हातारी दाराशी उभी होती. तिने मला शिव्याशाप दिले नाहीत. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. माझ्या शेरेपुस्तकात आणखी दोन ओळी पडल्या.

पुढे वर्षभराने माझी बदली कल्याणला झाली. तिथल्या मालधक्क्यावर एक लाकडी पेटी फोडून माल लांबवल्याची तक्रार आली. चोर सापडले, पेटीही सापडली. पंचनाम्यासाठी ती उघडली तर आत वाळलेले गवत, गवतात कागदाची पुडकी, आणि पुडक्यांत हिरव्या बांगड्या. सोनेरी नागमोडी रेघेच्या. मी एक पुडके सोडले, दुसरे सोडले, तिसरे सोडले. सगळ्यांत तेच. पंच माझ्या तोंडाकडे पाहू लागले.

माल ओळखायला मुंबईहून व्यापाऱ्याचा मुनीम आला होता. बोलका माणूस. ही काच कुठली म्हणून मी विचारले, तर तो हसला. आस्ट्रिया म्हणून मुलूख आहे, तिथे डोंगरांतल्या गावांतून घरोघरी हेच काम चालते, माल त्रिएस्त बंदरावरून आगबोटीत चढतो आणि कालव्यातून सरळ मुंबईला उतरतो, असे त्याने सांगितले. आता काळे मणी इटलीतल्या व्हेनिस शहराहून येतात, पोवळेही इटलीच्याच समुद्राचे, सोन्याचे पाणी दिलेल्या साखळ्या जर्मनीच्या. उलट आखातातल्या बहारीनचा मोती मुंबईत येतो, तिथे त्याला भोक पाडून, ओवून तो पॅरिसला आणि लंडनला जातो. तिकडच्या बाया आपल्याकडून गेलेला मोती घालतात आणि आपल्या बाया तिकडची काच घालतात, हे सांगताना त्याला फार मौज वाटत होती. मी पेटीच्या कडेवर बसलो.

"तुमचा माल तुम्ही ओळखता कसा?" मी विचारले.

"पेटीवरच्या खुणेवरून," तो म्हणाला. "बांगडीवर कसली खूण, साहेब? एका साच्यातला माल. हीच बांगडी कऱ्हाडला मिळेल, कराचीला मिळेल."

म्हाताऱ्या कासाराने तसा एकच चुडा भरला होता. पण खाडीच्या काठाने फिरणारे दुसरे कासार होते, ठाण्याचा बाजार होता, मुंबई होती. मी लहानपणापासून पाहिलेले जग पाठ करून बसलो होतो, आणि ते जग आगबोटीने केव्हाच बदलून टाकले होते. एका माणसाला मी त्या पाठांतरावर समुद्रापार पाठवला होता.

मी साहेबांकडे गेलो आणि सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. बांगड्यांचा पुरावा गेला तरी कबुलीजबाब राहतो, असे ते म्हणाले. बाई जिवंत असेल तर आणून दाखवा, मग वर लिहितो. कबुलीजबाब कसा मिळाला ते तेव्हा सांगायला हवे होते. माझी जीभ उचलली नाही. नोकरी जाईल ही भीती होती, दुसरे काही नाही.

मी ठाकुर्लीला तिच्या बहिणीकडे गेलो, गणवेश न घालता, एकटा. तो माणूस निर्दोष असावा असे मला आता वाटते, हे मी तिला सरळ सांगितले. ती भाजी निवडीत होती. तिचे हात थांबले. मग म्हणाली की बहीण मुंबईत आहे, एका माणसाबरोबर राहते, कापसाच्या गिरणीत जाते. तिचा पहिला निरोप आला तो शिक्षा होऊन गेल्यावर.

"तेव्हा येऊन सांगायचं ना," मी म्हणालो.

"कोनाला सांगू? तुमाला?" ती म्हणाली. "त्याच्या म्हातारीला दोन दिस उन्हात बसिवली ती काय आमाला ठाव नाय? आमची बी आई म्हातारी हाय."

भीतीने गप्प बसलेल्या त्या बाईला दोष द्यायला मला तोंड नव्हते. तिने दिलेल्या पत्त्यावर जाऊन मी तिच्या बहिणीला घेऊन आलो. तिच्या नवऱ्याला तिच्या खुनासाठी शिक्षा झाली आहे हे तिला पहिल्यांदा मी सांगितले. बहिणीने ते तिच्यापासून लपवले होते. त्याने मला कधी मारले नाही, आमचे नुसते जमत नव्हते, असे ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

मॅजिस्ट्रेटपुढे तिची जबानी झाली. साहेबांनी दिलेला शब्द पाळला आणि कागद वर गेले. मी रोज टपालाची वाट पाही. माणूस सुटेल, आईला भेटेल, माझे काय व्हायचे ते होवो, इतपत धीर तेव्हा मला आला होता. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मग उत्तर आले. सदर कैदी पहिल्याच पावसाळ्यात तिकडे तापाने मरण पावला होता. म्हणजे मालधक्क्यावर मी पेटी उघडली त्याच्या कितीतरी आधी. ती सगळी धावपळ मी एका मेलेल्या माणसासाठी केली होती.

म्हातारीला सांगायला शिपाई पाठवता आला असता. मी स्वतः गेलो. ती मिठागराच्या बांधावर सुकी लाकडे गोळा करीत होती. सून जिवंत असल्याचे तिला आधीच कळले होते. मुलगा गेल्याचे मी सांगितले. तो निर्दोष होता हे सरकारने मान्य केले आहे, हेही सांगितले. जणू काही मी तिच्यासाठी काही घेऊन आलो होतो. तिने लाकडे खाली ठेवली.

"त्या बायला मी सून समजून रडली," ती म्हणाली. "माज्या पोराला तिकरं कोन रडला?"

तिने लाकडे उचलली आणि ती घराकडे गेली.

या प्रकरणाने काय शिकवले, असे विचारले तर दोन गोष्टी सांगता येतील. पुरावा पटला की तो आणखी कुठे कुठे तसाच असू शकेल हे विचारावे, आणि कबुली देणारा माणूस कोणाकडे पाहून बोलतो आहे ते पाहावे. नव्या फौजदारांना मी हे सांगत असे आणि ते लिहून घेत. पण हे शिकायला एक माणूस लागला, आणि शिकून मला त्याचा काही उपयोग झाला असे मी म्हणू शकत नाही. त्या खाडीतल्या बाईचा खरा तपास सुरू करावा म्हणून मी तीनदा लिहिले. तिन्ही वेळा उत्तर एकच आले, की कागद निकालात निघालेले आहेत. तिला कोणी मारले हे कळले नाही. ती कोण होती हेही कळले नाही, आणि तिच्यासाठी जी एक म्हातारी रडली, ती चुकून रडली होती.