दातांनी ऐकलेली गळती

सगळे त्यांना कानवाले म्हणत. फरशीखाली कुठेतरी पाइप फुटला की इतर प्लंबर हातोडा घेऊन यायचे आणि अंदाजपंचे दहा फरश्या फोडायचे. कानवाले लाकडी मुठीची एक लांब पोलादी सळई घेऊन यायचे. तिचं टोक जमिनीवर टेकवायचे, मुठीला कान लावायचे आणि एकच फरशी फोडायचे. "मी फोडत नाही, उघडतो," असं ते ऐटीत सांगायचे.

गेली दोन वर्षं मात्र तो कान रुसला होता. हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. बायको म्हणायची, "मीठ संपलंय," आणि हे "बरं झालं" म्हणून मोकळे व्हायचे. कामं चाळीस वर्षांच्या सरावावर निभत होती. पाइप कुठून वळतो, सांधा कुठे येतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. अलीकडे बायकोही "घरात बसून जीव उबगतो" म्हणत पिशवी धरून त्यांच्याबरोबर कामावर यायला लागली होती. फोन वाजला, कुणी मागून हाक मारली की ती कोपराने ढोसायची. कानवाल्यांना वाटायचं, वयाबरोबर बाई धसमुसळी होत चाललीय.

अशात सिस्टरांचा निरोप आला. या सिस्टर म्हणजे मोठ्या इस्पितळातल्या कान-नाक-घसा विभागातून निवृत्त झालेल्या नर्स. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्याच राहायच्या. आठवड्यापूर्वी एका सकाळी त्या उठल्या तर बाहेरच्या खोलीत घोट्याएवढं पाणी. कपाटाचा तळ फुगला, भिंतीचा गिलावा सुटला, गादी भिजून दगड झाली. तेव्हापासून त्या मीटरजवळचा मुख्य नळ गरजेपुरताच उघडत होत्या. घराचा विमा होता, म्हणून त्यांनी कंपनीला कळवलं. सर्व्हेअर आला, न्हाणीघरातल्या फरशांच्या सांध्यांकडे बघून त्याने मान हलवली.

"पाइप अचानक फुटला असेल तर पाण्याने झालेलं नुकसान कंपनी देते, बाई. वर्षानुवर्षं झिरपलेल्या ओलीचं देत नाही. मला तरी ही ओल वाटतेय."

"बारा वर्षांत एक हप्ता चुकवला नाही मी!"

"म्हणून तर सांगतोय. फुटलेली जागा दाखवा, मी अहवाल बदलतो. गुरुवारी चारला येईन."

गुरुवारी सकाळी दहालाच कानवाले बायकोसह हजर झाले. आधी मुख्य नळ उघडला, घरातले सगळे नळ बंद केले आणि मीटर पाहिला. काटा फिरतच होता. म्हणजे पाणी कुठल्यातरी पाइपातूनच जात होतं, न्हाणीघरातून झिरपत नव्हतं. "सिस्टर, निम्मं काम झालं," ते म्हणाले. पण उरलेलं निम्मंच अवघड होतं. सळई टेकवून त्यांनी मुठीला कान लावला. काही नाही. दोन पावलं सरकून पुन्हा लावला. सगळं घर कसं मुकं झालं होतं. पूर्वी गळतीचा आवाज त्यांना तव्यावर थेंब पडल्यासारखा ऐकू यायचा.

शेवटी त्यांनी सरावावर भरवसा ठेवला. स्वयंपाकघरात मोरीखाली पाइप वळतो, तिथेच असणार. छिन्नी लावली, फरशी उचलली. खाली वाळू कोरडी ठाक.

कानवाले गुडघ्यांवर तसेच बसून राहिले. कित्येक वर्षांत त्यांची फरशी चुकली नव्हती. घड्याळात एक वाजून गेला होता.

"पाणी देऊ का प्यायला?" सिस्टरांनी मागून विचारलं. कानवाल्यांनी वळून पाहिलं नाही. बायकोचं कोपर पुढे आलं. पण सिस्टरांनी तिचा हात मधेच धरला आणि स्वतःच्या कानाला बोट लावून मानेनेच विचारलं. बायकोने खाली बघत होकार दिला.

सिस्टर फडताळातून जेवणाचा एक काटा घेऊन आल्या. खुर्ची ओढून कानवाल्यांसमोर बसल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "मान सरळ ठेवा. हलायचं नाही."

"अहो, मला काय झालंय?"

"तेच बघतेय."

काटा टेबलाच्या कडेवर आपटून त्यांनी तो कानाशी धरला. "येतंय ऐकू?" कानवाल्यांनी आधी "हो" म्हटलं, मग बायकोकडे पाहिलं, आणि चाळीस वर्षांची अब्रू खाली ठेवावी तसं हळूच म्हणाले, "नाही."

सिस्टरांनी काटा पुन्हा आपटला आणि या वेळी त्याची दांडी कानामागच्या हाडावर टेकवली. कानवाले दचकले. "अरे! वाजतंय की!"

"मग झालं तर. कानाचं दार अडकलंय, पण आत माणूस जागा आहे. डॉक्टरांकडून ते दार उघडून घ्यायचं, उद्याच. लपवून काय ठेवता, लहान आहात का?"

कानवाले बायकोकडे वळले. "अगं, तुला माहीत होतं?"

"दोन वर्षांपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते," ती म्हणाली. "तुम्हाला ऐकू आलं नाही."

तिघंही हसली. कानवाल्यांचं हसू जरा ओलं होतं. मग त्यांनी सळई उचलली, मूठ रुमालाने पुसली आणि दातांत घट्ट धरली. टोक जमिनीला लावून डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांची भुवई हलली. कवटीच्या आत, फार लांबून, तव्यावर थेंब पडत होता.

सळई तोंडात धरून, ओणव्याने, पावलापावलाने ते सरकत निघाले. आवाज स्वयंपाकघरात विरला, बाहेरच्या खोलीत वाढला आणि झोपायच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी थेट दाढेत शिरला. त्यांनी बोटाने खूण केली. एकच फरशी. खाली गरम पाण्याचा तांब्याचा पाइप वीतभर लांब उकलला होता आणि चिरेतून पाण्याची बारीक धार उडत होती.

चार वाजता सर्व्हेअर आला. ओणवा होऊन त्याने चिरेवरून बोट फिरवलं. "कडा चकचकीत आहेत. जुनी गळती असती तर हिरवी पुटं चढली असती. ताजं आहे हे." त्याने फोटो काढले, जुना शेरा खोडला. "पाइप तुमचा तुम्ही बदला, सिस्टर. कपाट, भिंत, गादी आणि ही फरशी मी अहवालात घेतो. स्वयंपाकघरातली ती दुसरी कशी फुटली?"

"ती माझी चूक," कानवाले म्हणाले. त्याच्या ओठांकडे बघत त्यांनी प्रश्न ओळखला होता. "ती धरू नका. ती मी बसवून देईन."

"चूक कसली? ती माझ्या तपासणीची फी," सिस्टर म्हणाल्या. "पण बसवायला या. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवल्याशिवाय आत घेणार नाही."

घरी जाताना बसथांब्यावरच्या बाकावर दोघं टेकली. कानवाल्यांनी सळई गुडघ्यांवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "दोन वर्षांत तू जे जे बोललीस, ते सगळं राहिलंच की गं माझं."

ती जवळ सरकली. आजूबाजूला कुणी बघत नाही ना, ते पाहून तिने आपलं कपाळ त्यांच्या कानामागच्या हाडाला टेकवलं आणि हळूच काहीतरी बोलली.

"मग वाटेत घेऊ की," कानवाले म्हणाले. "मिठाशिवाय कसं चालेल?"