कागदावरचं नाव

मेहकरच्या कोर्टासमोर एका वकिलांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. ते चालवत असे त्यांचा मुन्शी. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. विहिरीच्या दाव्यासाठी मी काकांना जानेफळहून घेऊन आलो होतो. मागच्या तारखेला शिपायाने पुकारा केला तेव्हा काका दारातच उभे होते, पण त्यांनी ओ दिली नाही. कागदावर ते गुलाबराव होते; गावात जन्मापासून धोंडू. वकिलांनी तेवढ्यापुरतं निभावून नेलं. आज पुन्हा गैरहजर ठरले असते, तर दावा खारीज झाला असता.

मुन्शीने टायपिस्टला कामाला लावलं, धाकट्या वकिलांना कोर्टात पिटाळलं आणि तो ओसरीवरच्या पक्षकारांकडे आला. त्यांच्याकडे पाठ करून त्याने हाक मारली, "गुलाबराव."

काका तंबाखू मळत राहिले.

"काऊन बाप्पा, कोनाले बलावलं मी?"

"मले त्या नावानं मायनंबी नाही बलावलं."

"मंग कोर्टात मायलेच न्या. काम होईपर्यंत धोंडूले घरी ठेवा."

मग चहा पिताना, पानाला चुना लावताना तो मध्येच हाक मारत राहिला. काका वैतागून ओ देऊ लागले.

दुपारी पुकारा झाला. नाव पुरतं संपायच्या आत काका म्हणाले, "हाजिर." त्यांची साक्ष नोंदवली गेली.

आम्ही परतलो तेव्हा मुन्शी दुसऱ्या कुणाकडे पाठ करून उभा होता. पावलं ऐकून, न वळताच म्हणाला, "झालं नं? व्हा आता धोंडू."

काकांनी पायरीवर बसून निवांत तंबाखू मळायला घेतली.