चारमिनारवर चढवलेलं पाणी

जुनं नाणं चकचकीत दिसलं की माझं डोकं उठतं. जो रुपया दोन-तीन पिढ्यांच्या घामट हातांतून फिरला, तो आरशासारखा लखलखेल कसा, एवढा साधा प्रश्न माणसाला पडू नये? पण आमच्या जालन्यात स्वतःला संग्राहक म्हणवणाऱ्यांतल्या निम्म्यांना तो पडत नाही. मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ बघायचा, देव्हाऱ्यातलं नाणं काढायचं, भांड्यांच्या पावडरीने खसाखसा घासायचं आणि माझ्या दारात येऊन विचारायचं, काय येईल याचं? माझ्याकडे एक भिंग आणि एक छोटा काटा आहे, एवढ्या भांडवलावर मी गावात जाणकार ठरलोय. बाकीच्यांचं ज्ञान बघता ते फारसं अवघडही नव्हतं.

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, या जमातीचे शिरोमणी. जन्मभर ऑफिसात फायली सरकवल्या आणि रिटायर झाल्यावर नाण्यांचा छंद अंगात आला. शहागडच्या हायवेवर, ढाब्याच्या बाहेर एक इसम त्यांना नाणी विकायचा आणि सगळी गोदावरीच्या पात्रात सापडली म्हणून सांगायचा. गोदावरीने जणू त्या एकट्यालाच मक्ता दिला होता. एकदा त्यांनी मिरवत आणलेल्या चांदीच्या रुपयाला मी लोहचुंबक लावलं, तर तो टपकन चिकटला. दाजी म्हणाले, तुझं चुंबक खराब आहे. अशा माणसापुढे हात टेकण्यापलीकडे काय करणार?

त्या दिवसांत आक्का, म्हणजे हीच थोरली बहीण, लेकीच्या लग्नाच्या गडबडीत होती. शालू, आहेर, केळवणं सगळं ठरलं होतं. तिचा जीव अडकला होता तो सासूबाईंच्या माळेत. निजामाच्या काळातल्या चारमिनारच्या रुपयांना कड्या लावून ओवलेली ती माळ. दाजींचं घराणं मूळचं टेंभुर्णीचं, आणि त्यांच्यात नवरी बोहल्यावर चढते ती ही माळ घालूनच. आक्काच्या गळ्यात ती सासूबाईंनी स्वतः घातली होती, आता तिला ती लेकीच्या गळ्यात घालायची होती. माळ बँकेच्या लॉकरमध्ये आणि किल्ली दाजींपाशी. दोरा जुना झालाय, पटवेकऱ्याकडून नवा ओवून घ्यायचाय, आणा म्हणून ती मागे लागली होती. दाजींचं उत्तर ठरलेलं, आज गर्दी आहे, उद्या बघू. मला त्यात काही खटकलं नाही, कारण त्यांचा आळस जगजाहीर होता.

तशात एका दुपारी त्यांनी मला नवा अल्बम बघायला बोलावलं. शाळेच्या प्रदर्शनात मांडायचा होता. मखमली पानावर चारमिनारचे रुपये ओळीने बसवलेले, नव्या स्टीलच्या ताटांसारखे झगझगीत. मी एक उचलला. चांदीचं पाणी दिलेलं उघड दिसत होतं, अक्षरांच्या खोबणी त्याने बुजल्या होत्या. कडेवरचे बारीक दाते सगळीकडे शाबूत, फक्त वरच्या बाजूला, मिनारांच्या टोकाशी, कानशीने घासून सपाट केलेले. दुसरा घेतला, तिसरा घेतला. सगळ्यांना त्याच जागी तोच डाग. उलटे करून पाहिले तर फारसी अक्षरांची बाजू पार झिजलेली.

मला चेव आला. दाजींची फजिती करायची संधी मी कधी सोडलेली नाही. ते म्हणत होते, राहू दे आता, चहा घे आधी; पण मी कशाला थांबतोय!

"दाजी, तुम्हाला पुन्हा गंडवलं. रुपये खरे आहेत, पण हे सगळे एकाच माळेतले. अक्षरांची बाजू आत असायची, म्हणून अंगावर घासून गुळगुळीत झालीय. कुण्या बाईची माळ मोडून, कड्या कापून, त्यांच्या जोडाचे डाग लपवायला वरून पाणी चढवलंय."

आक्का चहा घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"लॉकर कधी उघडलं तुम्ही?"

दाजी खाली बघत म्हणाले, "कडी असली की नाणं कलेक्शनात धरत न्हाईत. मंग काढल्या. चांदी बराबर तेवढीच हाय की."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मात एकदा या माणसाच्या हाताला अस्सल नाणी लागली होती, आणि ती बिघडवायला त्याला कुठल्या ठगाचीही गरज पडली नाही! मी त्यांना सांगून टाकलं की घासलेल्या, पाणी दिलेल्या या रुपयांना कुठलाही संग्राहक हात लावणार नाही. म्हणजे माळही गेली आणि नाणीही गेली.

आक्का रडली नाही. ती अल्बममधून एकेक रुपया काढून पदरात टाकू लागली. दाजींनी तेवढ्यातही सांगितलं, कडेने धर, बोटांचे ठसे उमटतात. तिने सगळे रुपये एका पिशवीत घालून त्यांच्या हातात दिले आणि सराफ्यात जाऊन, समोर बसून, प्रत्येकाला पुन्हा कडी लावून आणायला सांगितलं. डागाच्या जागेवरच लावायची, दुसरीकडे नाही. दाजी चपला घालून निघाले.

मग तिने मला विचारलं, हे पाणी उतरतं का. मी म्हटलं, औषधाने उतरेल, पण त्यासोबत जुन्या झिजेच्या खुणाही थोड्या जातील.

"मंग औषध नको," आक्का म्हणाली. "पोरगी घालंल, पुढं तिची सून घालंल. अंगावर घासून घासून उतरंल."