पहिल्या कावेरीचे घरमालक

भुतावर विश्वास नसलेले घरमालक मी पाहिलेत, भाडेकरूंना भुतासारखे छळणारे तर पावलोपावली पाहिलेत. पण 'आमच्या घरी भूत जेवून गेलाय' असं छातीठोक सांगणारा, आणि वर ते भूत नंतरच्या भुतापेक्षा कसं सरस होतं यावर अख्खी बिल्डिंग वेठीला धरणारा घरमालक उभ्या मीरा-भाईंदरात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आलाय. गिरगावातली खोली सोडून आम्ही भाईंदरजवळच्या राई गावात भाड्याचं घर शोधत फिरत होतो तेव्हा बाकीचे मालक विचारायचे, नॉनव्हेज खाता का, पाहुणे फार येतात का. यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तशा आवाजात विचारलं, "तिन्हीसांजेची पाहुणी बघता?" माझी बायको भोळेपणाने म्हणाली, "बघते की! कावेरीचं काम काय सुंदर करते ती." घरमालक काकांचा चेहरा पडला. "ती दुसरी कावेरी. डुप्लिकेट. पयली तुमी बगितलीच न्हाय." पहिली कोणीच बघितलेली नव्हती, हे आम्हाला नंतर कळलं. घर मात्र मिळालं, बहुतेक आम्ही सुधारू या आशेवर.

ज्यांच्या घरी टीव्ही नाही अशा पुण्यवंतांसाठी सांगतो. 'तिन्हीसांजेची पाहुणी' ही भुताची मालिका. कावेरी नावाची एक मेलेली बाई दिवेलागणीला दारात उभी राहते आणि मूठभर मीठ मागते. जो देतो त्याच्या घराचं वाटोळं होतं. लोक इतकी वर्षं मीठ देत राहिले आणि मालिका चालत राहिली. पण ती सुरू होण्याआधी चॅनेलला दाखवायला एक नमुन्याचा भाग काढला होता, त्याला पायलट म्हणतात. त्यात कावेरी झालेली नटी वेगळी होती, आणि त्याचं शूटिंग काकांच्या राईतल्या जुन्या कौलारू घरात झालं होतं. चॅनेलने तो भाग नापास केला. मग नवी नटी आली, स्टुडिओत घराचा सेट लागला, मालिका धो धो चालली, आणि पायलट कुठल्या तरी कपाटात जाऊन पडला. इथून काकांच्या दुःखाला आणि आमच्या करमणुकीला सुरुवात झाली.

तो पायलट म्हणे अर्ध्या तासाचा होता. काका सांगायला बसले की दीड तास कुठे गेला नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये टँकरच्या पाण्याचा विषय निघाला की ते "पाण्यावरून आठवला" म्हणून उठायचे, आणि पाणी राहायचं बाजूला. एकदा पहिल्या कावेरीची चाल दाखवायला पार्किंगमध्ये डोक्यावरून टॉवेल घेऊन चालले, तर नवा वॉचमन "अरे बाप रे!" करत गेटबाहेर पळाला. काकांनी ते पायलटच्या बाजूने पडलेलं मत धरलं. त्यांचा मुख्य मुद्दा एकच. "भूत हसला की संपला. दुसरी सारखी हसते, टूथपेस्ट विकल्यासारखी. पयली हसायचीच न्हाय. नुसती बगायची." बारशाला गेले तर पाळण्यात डोकावून म्हणाले, "बगते बग कशी, पयल्या कावेरीसारखी." बाळाच्या आजीने त्यांना पेढासुद्धा दिला नाही.

मालिका संपली, पण तिच्या चाहत्यांचा फोनवरचा ग्रुप काही संपला नाही. त्यात भाईंदरपासून नाशिकपर्यंतची माणसं आहेत. पायलटचं शूटिंग डोळ्यांनी बघितलेला काका हा एकटा माणूस, म्हणून पहिल्या कावेरीच्या बाजूला काका एकटे, आणि दुसरीच्या बाजूला बाकी सगळा महाराष्ट्र. त्या महाराष्ट्राच्या सेनापती आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बेन. बेनना मराठी मालिका पाठ आणि काकांची नस ठाऊक. "काका, जे कोणी बघितलंच नाही ते बेस्ट कसं? एवुं ना चाले!" काका उसळले, "तुमी देव बगितलाय का? तरी रोज देरासरला जाता ना?" बेन दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी ढोकळ्याचा डबा पाठवला, तर काकांनी ढोकळा चाटूनपुसून खाल्ला आणि निषेध म्हणून डबा रिकामाच परत धाडला. आपल्याकडे रिकामा डबा परत करणं म्हणजे काय, हे सांगायला नको. जिन्यात आठवडाभर संचारबंदी होती.

पण या माणसाचा राग धरून राहणं अवघड. आम्ही नवीन राहायला आलो त्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी बायको आमटी करायला गेली तर घरात मीठ नाही. मी वाटी घेऊन खाली काकांच्या दारात गेलो. काकांनी एकदा वाटीकडे पाहिलं, एकदा बाहेरच्या अंधारत चाललेल्या आभाळाकडे पाहिलं, आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, झालं, भूत समजले आपल्याला. मी वर येऊन बायकोला सांगतोय तोवर काका स्वतः ताट घेऊन दारात हजर. तांदळाची भाकरी, सुकट, कांदा. "आमी मिठागरवाले. आमच्यात तिन्हीसांजेला मीठ न्हाय देत घरातून. आईचा नियम. पण मागायला आलेला माणूस उपाशी न्हाय जात, तो पन आईचाच नियम." आमटी त्या दिवशी राहिली. सुकट मात्र अशी झाली होती की बायको म्हणाली, "उद्यापण मीठ संपलंय म्हणून सांगा."

त्या रात्रीच्या जेवणावरच पायलट नापास का झाला, ते काकांनी मला सांगितलं. शूटिंगला म्हाताऱ्या बाईचं काम करणारी नटी काशीगावच्या ट्रॅफिकमध्ये अडकून पडली, जेवणाची गाडीही तिच्या मागेच. उजेड चालला. डायरेक्टरने काकांच्या आईलाच दारात उभं केलं. "तो बोलला, आजी, ती मीठ मागंल, तुमी वाटी द्यायची, बस. आई बोलली, तिन्हीसांजेला? तो बोलला, अवो आजी, सगला खोटा हाय. आई बोलली, मीठ तर खरा हाय ना?" डायरेक्टरने हात जोडले, आईने मान डोलावली, कॅमेरा सुरू झाला. कावेरी दारात आली, डोळे पांढरे करून म्हणाली, मूठभर मीठ देता का? आणि काकांच्या आईने तिला आपादमस्तक बघितलं नि म्हणाली, "या वेलेला मीठ न्हाय देत गो बाय. तोंड सुकलाय तुजा. जेवलीस का? ये, भाकर खाऊन जा." सकाळपासून उपाशी असलेलं ते भूत मुकाट्याने आत आलं, पाटावर बसलं आणि जेवलं. दुसऱ्या दिवशी कावेरी झालेली नटी मोकळी नव्हती, म्हणून तोच सीन ठेवला. चॅनेलवाले म्हणाले, भूत जेवून तृप्त झालं तर पुढे मालिका कशाची करायची? त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही.

आता ती आई नाही. ते घरही नाही, त्याच जागेवर ही बिल्डिंग आहे. आमचा बेडरूम म्हणे जुन्या गोठ्यावर आलाय, आणि माझ्या घोरण्याचं कारण बायकोला तिथे सापडलंय. काकांच्या हॉलमध्ये आईचा फोटो आहे तो आधार कार्डावरचा, मोठा करून लावलेला. त्या फोटोत माउली अशी दिसते की मालिकेतल्या दोन्ही कावेरी तिच्यापुढे लाजाव्यात. मी एकदा म्हटलं, "काका, दुसरा नाही का?" तर म्हणाले, "मोबाइल समोर धरला की गप व्हायची. फोटो हाय हा एक, पण आवाज न्हाय माझ्याकडे. आवाज त्या पायलटमधी हाय." आणि मग पहिल्यांदाच हळू म्हणाले, "एकदा ऐकायचाय, भाऊ. मग ती दुसरी कावेरी किती पन हसू दे." त्यानंतर त्यांच्या दीड तासाच्या कथेला मी कधी जांभई दिली नाही.

आणि गेल्या महिन्यात कोणीतरी तो पायलट इंटरनेटवर टाकला. ग्रुपवर नुसता दंगा. बेनचा निरोप आला, "काका, आता पडदा उघडणार!" इतकी वर्षं आपला पायलट मिरवणारा माणूस लिंक हातात घेऊन दिवसभर बसला आणि दाबेना. संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, मुलगी बघायला आल्यासारखे आमच्याकडे आले. "तुमचा टीव्ही मोठा हाय." मागोमाग बेन, ढोकळा घेऊन. लढाई झाली तरी रिकाम्या हाताने त्या येत नाहीत.

पायलट सुरू झाला आणि पहिल्या मिनिटातच मी चोरून काकांकडे पाहिलं. इतका टुकार! कावेरीचा विग एका बाजूला सरकलेला. भीतीदायक संगीत वाजतंय आणि अंगणातून एक कोंबडी निवांत चाललीय. दारात कॅमेरावाल्याच्या चपला. बेननी पदर तोंडाला लावला, खोकल्याचं निमित्त करून. काका मात्र पुढे सरकून बसले होते. मग ते दार आलं. दारात हिरव्या लुगड्यातली एक ठेंगणी बाई, अर्धा चेहरा चौकटीआड. कावेरी म्हणाली, मूठभर मीठ देता का? आईने तोंड उघडलं, आणि रेडिओवर पाककृती सांगतात तसला तुपकट आवाज आला, "दिवेलागणीला मीठ देत नाही हो आम्ही. या ना, आत या."

आवाज दुसऱ्याच बाईचा होता. डबिंग केलं होतं मेल्यांनी.

इकडे फोन टणटणत होते. 'पहिली कावेरी फ्लॉप!' 'ही आजी कोण? ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. ओव्हरॲक्टिंग!' मला वाटलं, आता काका एकेकाला फाडून खातील. त्यांनी फोन उलटा करून टीपॉयवर ठेवला. "बंडल हाय," ते म्हणाले. "पायलट बंडल हाय. बेन, तुमी जिंकलात. दुसरीच बरी." हे वाक्य ऐकायला बेन इतकी वर्षं थांबल्या होत्या, पण आता त्यांना ते गोड लागेना. त्या टीव्हीकडे बोट दाखवून विचारत होत्या, "काका, आ तमारा बा छे? तुमच्या आई?" काकांनी मान डोलावली. मग मला म्हणाले, "भाऊ, परत लाव. आई येते तिथून. आणि आवाज बंद कर."

मी आवाज बंद केला. आईचे ओठ हलले, आणि सोफ्यावरून काकांनी, आईच्याच ठसक्यात, एक शब्द इकडचा तिकडे न करता तिचं बोलणं म्हणून दाखवलं. आईच्या ओठांना काकांचे शब्द जुळले. ढोकळ्याला चटणी आणतो म्हणून मी उठून आत गेलो.

हल्ली ग्रुपवर सगळा उलटा कारभार आहे. बेन पहिल्या कावेरीसाठी महाराष्ट्राशी एकट्या भांडतात, आणि काका हट्टाने दुसरीची बाजू घेतात. मधल्या मधे डबे पुन्हा रिकामे फिरू लागलेत. पण कधीमधी दिवेलागणीला काका वर येतात, रिमोट मागून घेतात आणि टीव्हीचा आवाज आपल्या हाताने शून्यावर आणतात. बेनही येऊन बसतात. दारात कावेरी उभी राहते, आणि बेन आपल्या गुजराती मराठीत तिच्यासाठी बोलतात, "मूठभर मीठ देते का?"

"या वेलेला मीठ न्हाय देत गो बाय," काका म्हणतात. "तोंड सुकलाय तुजा. जेवलीस का?"