मेनूत भावकी

न्हावऱ्यात इंटरनेट आणलं ते मी. म्हणजे आणलं दुसऱ्यानंच. एसटीच्या टपावरून कॉम्प्युटरची खोकी उतरवताना खालून "सांभाळून, सांभाळून" म्हणणारा मी होतो. सातवी नापास माणसानं याहून जास्त काय करावं?

तेव्हापासून तिथले किस्से साठलेत ते कांदाचाळीतल्या कांद्यांसारखे. एक ओढायला जावं, तर चार घरंगळत पायाशी येतात. आले तेवढे सांगतो.

खोकी होती संगीताची. संगीता म्हणजे माझा बालमित्र नामदेव आप्पा, त्याची धाकटी सून. लग्नाआधी शिरूरला कॉम्प्युटर शिकलेली. आप्पाच्या ओसरीलगतच्या खोलीत तिनं क्लास काढला. पोरं यायची कमी, लाईट जायची जास्त. शेवटी आप्पानं अट घातली: भावकीच्या रोपवाटिकेची वेबसाईट कर आणि दसऱ्याला सगळ्यांना दाखव. पसंत पडली तर क्लास चालू. नाहीतर कॉम्प्युटर विकायचे आणि खोलीत पेंडीचं दुकान.

संगीता कामाला लागली. मीही लागलो, तिच्या मागं.

*

तिनं पानाच्या डोक्यावर एक पट्टी केली. रोपं, भाव, पत्ता, फोन. चारच शब्द, ज्याच्यावर दाबावं ते पान उघडायचं. "ह्यो बिल्ट-इन मेनू हाय आबा, साईटबरोबरच येतो," ती मला म्हणाली.

आप्पाला पट्टी फार मोकळी वाटली. मी त्याच्या कानाशी लागलो. "लेका, लग्नपत्रिकेत आपण भावकीतलं शेंबडं पोरगंसुदिक घालतो. हितं एकाचंबी नाव न्हाई?"

संध्याकाळपर्यंत सगळी भावकी मेनूत येऊन बसली. माजी सरपंच, चालू चेअरमन, सगळे हुद्द्यांसकट. पट्टीच्या ओळीवर ओळी झाल्या आणि "रोपं" कुठं तरी तळाला गेलं.

वरवंडचे एक बागायतदार रिकामे ट्रे परत द्यायला आले होते. संगीतानं त्यांना साईट दाखवली. त्यांनी सगळी नावं सावकाश वाचली आणि हळूच विचारलं, "कार्य कवा हाय?"

*

मग अवतरला आप्पाचा जावई. पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपनीत होता. त्याच्याकडं प्रत्येक दुखण्यावर एकच औषध, प्लगइन. प्लगइन म्हणजे वरून जोडायची वस्तू. गाडीला कंपनीचा हॉर्न असतानाही आपली पोरं म्युझिकल हॉर्न बसवतात ना, तसं. त्यानं फुकटातलं एक बसवून दिलं. आता "आमची माणसं" या शब्दावर माउसचा बाण नेला की खाली सगळी नावं उलगडायची.

साधाच मेनू बरा होता, असं संगीता म्हणत होती. पण जावयापुढं सुनेचं कोण ऐकतं?

नावं उलगडली खरी, पण सोपान वर आणि त्याचा चुलतभाऊ तुकाराम खाली. पट्टीत शेजारी होते तोवर ठीक होतं. मी तुकारामला विहिरीच्या मोटारीवर गाठलं आणि एवढंच म्हणालो, "तू सोपानच्या खाली हायेस, हे मला म्हाईतच नव्हतं."

तुकाराम तसाच चिखलाच्या पायानं क्लासात. त्याचं नाव वर गेलं, तर सोपान आला. शेवटी जावयानं आणखी एक प्लगइन बसवलं. रोज वेगळं नाव वर.

मग मी रोज सकाळी साईट बघायचो आणि ज्याचं नाव तळाला असेल त्याला घरी जाऊन कळवायचो.

*

आप्पाची तऱ्हा वेगळीच. तरुणपणी मेंढरं राखलेला माणूस, एका शिट्टीवर कळप वळवायचा. पण बाण काही वळेना. शब्दावर नेला की नावं उलगडत. नावाकडं सरकवला की मधेच बाहेर निसटे आणि सगळं गडप.

बराच वेळ झुंज चालली. मग आप्पानं जीभ दुमडली आणि स्क्रीनकडं बघून जुनी शिट्टी घातली. बाहेर बांधलेली शेळी दावं तोडून आत आली. बाण जागचा हलला नाही.

*

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर भावकी खोलीत दाटीवाटीनं बसली. वरवंडचे बागायतदारही आले होते. संगीतानं सकाळी साईटचं अपडेट करून घेतलेलं. जावयाच्या प्लगइनांना ते मानवलं नाही. पान उघडलं तर मिरचीच्या रोपांचा फोटो तेवढा दिसतोय आणि मेनू गायब. दाबायला काहीच नाही. जावई फोनवर म्हणाला, माझ्याकडं तर चालतंय.

आप्पा कुणाकडं न बघता म्हणाला, "पेंडीचा टेम्पो उद्याच सांगतो."

तेव्हा मलासुद्धा चेष्टा सुचली नाही.

संगीतानं पदर खोचला आणि एकेक प्लगइन बंद केलं. साधी पट्टी परत आली. भावकी नाही, जावई नाही. वरवंडकर पुढं सरकले. त्यांनी स्वतःच्या हातानं "रोपं" दाबलं, मग "भाव".

"हां, आता कळतंय," ते म्हणाले. "मिरची लिवून घ्या. साडू वडगाव रासाईला हाय, त्योबी बसल्या जागी बघंल."

आमची नावं कुठं गेली, हे विचारायला तुकारामनं तोंड उघडलं होतं. मिरचीची ऑर्डर ऐकून ते मिटलं.

आप्पानं माउस संगीताकडं सरकवला. मग म्हणाला, "टेम्पो ऱ्हाऊ दे."

*

पुढच्या आठवड्यात माझा मोबाईल वाजायला लागला. कुणाचे ट्रे फुटके निघाले, कुणाच्या रोपांनी माना टाकल्या. दौंडच्या एका बाईनं तर मला बोलूच दिलं नाही, माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली.

मी तडक क्लासात गेलो. मेनूत पाचवा शब्द आलेला: तक्रार. दाबलं. आत माझं नाव आणि माझा नंबर.

"सूनबाई," म्हटलं, "मला न विचारता?"

संगीतानं मानसुद्धा वर केली नाही. "आबा, मेनूत आपल्या मान्साचं नाव पायजे म्हणून तुम्हीच गावभर हिंडला. एकाचीच जागा व्हती, म्हणून तुमचं घातलं. आन् बघा की, तुम्ही कुणाच्या खाली न्हाई."