पुंडलिकभाऊंचं नाक

राजूरहून कोळशाचा ट्रक निघाला, की ड्रायव्हरनं नाश्त्याला काय खाल्लं ते पुंडलिकभाऊ वणीत बसून वासावरून सांगत. जरा वाढवून सांगतोय, पण आमच्या कॉलेजच्या उंदीरघरात ते डोळे मिटून शिरत, दोनदा हुंगत आणि म्हणत, "तिसऱ्या पिंजऱ्यातली गाभण हाय." ते शिपाई, सातवी पास. मी प्राणिशास्त्राचा डॉक्टर. ते कधी चुकत नसत, हेच मला सहन होत नसे.

माझा संशोधनाचा प्रकल्प पांढऱ्या उंदरांच्या पिल्लांवाचून अडला होता. वीस माद्या मी वेगळ्या खोलीत, रोज फिनेलनं धुतलेल्या पिंजऱ्यात ठेवलेल्या. एक माजावर येईल तर शपथ. भाऊ म्हणाले, "सर, नवऱ्या न्हाऊनधुऊन बसल्या, पर नवरदेवाचा वासच नाही, तं लगन लागन कसं?" नराच्या पिंजऱ्यातला मुतानं भिजलेला भुसा त्यांनी मूठभर माद्यांकडे टाकला. तिसऱ्या दिवशी निम्म्याहून जास्त माद्या माजावर. नराच्या गंधानं मादीची संप्रेरकं हलतात, हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत होतो. प्राचार्यांनी पाठ मात्र भाऊंची थोपटली. माझ्या पोटात अख्खी कोळशाची खाण पेटली.

माद्या नरांकडे सोडल्या. दोनच दिवसांनी भाऊ दिग्रसला लेकीकडे गेले. उरलेल्या माद्याही माजावर याव्यात आणि पिल्लांचं श्रेय तरी माझं असावं म्हणून मी नागपूरहून आणलेल्या धिप्पाड नराचा भुसा माद्यांत टाकला. मूठभर नाही, घमेलंभर.

भाऊ परतले ते दारातच थबकले. "परका नर कायले आणला, सर? त्याच्या वासानं नव्या गाभणी मोकळ्या होतेत. पोटातलं गेलं न सारं."

हेही मी फळ्यावर लिहिलं होतं.

प्राचार्यांनी जाब विचारला, तेव्हा भाऊच पुढे झाले. "माह्याच हातून भुसा बदलला, साहेब." मी छताकडे पाहत होतो. नाकाची निदान नक्कल तरी करून पाहता आली होती. या माणसाच्या मनाचा हेवा करून मी काय करणार होतो? पुढे ते निवृत्त झाले. त्यांच्या निरोपसमारंभात खरं सांगायला उठलो, आणि हार घालून खाली बसलो.

त्यांचं येणं थांबलं आणि आठवडाभरात उंदीर बिथरले. मी हात घातला की सगळे कोपऱ्यात. दोघींनी पुढच्या वेताची पिल्लं खाल्ली. शेवटी भाऊंच्या घरी गेलो. काही न विचारता त्यांनी अंगातला खाकी शर्ट काढून दिला. तो चढवूनच आता उंदीरघरात शिरतो.

परवा फोन आला. "शर्ट धुतला तं नाही न, सर?"

नाही म्हणालो. माद्या बाहीवर चढतात, हुंगतात, निवांत होतात. त्यांच्या लेखी मी अजून आलेलोच नाही.