नव्या खुब्याने तळेगावला

पुलगावला मोठी गाडी सोडली आणि आर्वीच्या छोट्या गाडीत बसले, तेव्हा आपण खरेच माहेरी निघालो, हे पटले. खुब्याचा सांधा झिजल्यापासून कित्येक वर्षे हा प्रवास फक्त मनातच झाला होता. मुंबईला शस्त्रक्रिया होऊन सांध्यात धातूची वाटी बसली, महिनोन्‌महिने कुबड्या झाल्या, आता हातात काठी होती.

आर्वीला तळेगावच्या मोटारीची पायरी उंच निघाली. पाय चढेना. मागच्या शेतकऱ्याने आधार देत विचारले, "काय झालं बाई पायाले?"

"खुब्यात वाटी बसवली आहे. धातूची."

"पान्यात गंजन तं नाई ना?"

सगळी मोटार हसली, मीही हसले. बाहेर कापूस फुटलेली शेते मागे पडत होती.

तळेगावला दादा दमणी (छपराची बैलगाडी) घेऊन उभा होता.

"मी चालत येते," मी म्हणाले.

"काऊन वं? दमणी आणली ना मी!"

पण मायने (आईने) मला चालताना पाहावे, एवढ्यासाठीच तर मी आले होते. दादा बैलांना धरून माझ्या मागे मागे चालत राहिला.

माय अंथरुणाला खिळली होती. अंथरूण जमिनीवर. मी दारातून तिच्यापर्यंत चालत गेले.

"पुन्हा चाल," ती म्हणाली. मी पुन्हा चालले. तिने हात पुढे केला. "आता बस माह्याजवळ."

तेवढेच मला येत नव्हते. मांडी घालायची नाही, उकिडवे बसायचे नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. वहिनीने स्टूल आणले. त्यावरून मायचा हात माझ्या हाताला लागेना. इतक्या लांबून येऊन वीतभर अंतर उरले. मला रडू आले.

वहिनीने स्टूल सरकवले. "निजता तं येते ना तुमाले?"

तिने आणि दादाने मला दोन्हीकडून धरून सरळच्या सरळ सतरंजीवर आडवे केले. मायने माझा खुबा चाचपला.

"दुखते काय?"

"नाही माय."

"मंग निज."

दुपारभर आम्ही दोघी तशाच पडून होतो. तिचा हात माझ्या अंगावर होता.

निघताना ती म्हणाली, "येजो." कधी, ते तिने विचारले नाही.

परतताना आर्वीची गाडी रखडत चालली होती. डब्यातली माणसे कंटाळली होती. मी मात्र खिडकीला टेकून बसले होते. पुन्हा येईन तेव्हा पाय साथ देईल, याची आता मला खात्री होती. पण तिथे माय असेल का? गाडी अजून सावकाश गेली असती, तरी मला चालले असते.